बरोबरीची झुंज आणि सार्वजनिक बर्फ

(‘समान संधी म्हणजे काय?’ या विषयावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा. वक्ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत.)



समान संधी या विषयावर बोलण्यासाठी आपण मला बोलावलेत आणि मी मात्र अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या बर्फावरील हॉकीसंबंधी बोलणार आहे. आपल्यापैकी काहींना हा विषय चैनीचा वाटेल. महाराष्ट्रात जो खेळ कोणी खेळत नाही, त्याच्याशी कार्यकर्त्यांना काय कर्तव्य, असा प्रश्नही कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच की, आपल्या नित्याच्या प्रश्नांवर बोलताना आपण सारेच आधीपासून कोणत्या ना कोणत्या पक्षाचे असतो. ज्या प्रश्नात आपले कसलेही हितसंबंध गुंतलेले नाहीत, तो प्रश्न तपासताना बुद्धी अधिक प्रामाणिकपणे चालते. शिवाय या प्रश्नावर माझे स्वतःचे मत बदलले. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाचे मत बदलणे ही सहसा घडणारी गोष्ट नव्हे. म्हणून ते का बदलले हे आपल्यापुढे मांडावेसे वाटते.

माझी मुलगी मिनेसोटा राज्यात राहते. निवृत्तीनंतर दोन हिवाळे मी तिच्याकडे काढले. हे राज्य अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून आहे. तेथे हजारो सरोवरे आहेत आणि हिवाळ्यात ती गोठून जातात. मूल चालू लागले की थोड्याच दिवसांत त्याच्या पायात बर्फावर घसरण्याचे स्केट येतात. दर मार्च महिन्यात राजधानी सेंट पॉल येथे माध्यमिक शाळांच्या आइस हॉकीची राज्य अजिंक्यपद स्पर्धा भरते. सुमारे १८,००० आसनांचे क्रीडागार शाळकरी मुलांचा खेळ पाहण्यासाठी भरून जाते. आपल्याकडे गावच्या जत्रेतील कुस्त्यांना जी गर्दी लोटते, तिचीच मला आठवण झाली.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगतो, कारण पुढील सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. एका बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची जाड चकती. सतरा मिनिटांचे तीन डाव. पूर्ण वेगाने बर्फावर धावणे इतके दमवणारे असते की कोणताही खेळाडू मिनिटभराहून फारसा अधिक काळ सलग टिकत नाही. खेळ चालू असतानाच एक तुकडी बाहेर येते आणि ताजीतवानी दुसरी तुकडी आत उतरते. ज्या शाळेपाशी अशा तीन-चार चांगल्या तुकड्या आहेत, ती शेवटपर्यंत त्याच जोमाने खेळते. जिच्यापाशी दीडच तुकडी आहे, तिचे दोन गुणी खेळाडू पहिल्या डावात बरोबरी राखतात, दुसऱ्यात झुंजतात आणि तिसऱ्यात त्यांचे पाय गळतात. म्हणजे या खेळात गुणवत्तेइतकीच संख्या महत्त्वाची आहे. दोन हजार मुलांच्या शाळेने दोनशे मुलांच्या शाळेशी खेळावे यात मुळातच एक अन्याय आहे, तो या कारणाने.

आता इतिहास पाहा. ही राज्यस्पर्धा १९४५ साली सुरू झाली आणि १९९१ पर्यंत राज्यातील सर्व शाळा, लहान आणि मोठ्या, एकाच अजिंक्यपदासाठी लढत होत्या. संख्येचे जे गणित मी आता सांगितले, त्याप्रमाणे मोठ्या शहरांतील शाळांनी सर्वांना लोळवायला हवे होते. प्रत्यक्षात घडले उलटे. पहिले अजिंक्यपद एव्हलेथ या उत्तरेकडील छोट्या गावाने मिळवले. १९४८ ते १९५१ अशी सलग चार वर्षे तेच गाव अजिंक्य राहिले आणि त्या काळात त्याने सलग ६९ सामने जिंकले. १९४५ ते १९६८ या चोवीस वर्षांची यादी काढली तर प्रत्येक वर्षी विजेता एक तर उत्तरेकडचा आहे, नाही तर सेंट पॉलच्या पूर्व भागातील कामगार वस्तीतली जॉन्सन शाळा आहे. याच जॉन्सन शाळेच्या १९५५ च्या विजेत्या संघात हर्ब ब्रुक्स हा मुलगा होता. पुढे १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाचा पराभव करणाऱ्या अमेरिकन संघाचा तो प्रशिक्षक झाला. त्या संघातील वीस खेळाडूंपैकी बारा मिनेसोटाचे होते.

असे का घडले? थंडी हे एक कारण खरेच. उत्तरेत बर्फ लवकर धरतो आणि उशिरा वितळतो. निसर्ग तो गरीब-श्रीमंत न पाहता देतो. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने निसर्गाचे नाव घेऊन थांबू नये. एव्हलेथ हे मेसाबी लोहपट्ट्यातील खाणकामगारांचे गाव. फिनलंड, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, इटली येथून आलेली ही माणसे. १९०७ आणि १९१६ साली त्यांनी या पट्ट्यात मोठे संप केले. ते संप फसले. पण खाणगावांच्या नगरपालिकांच्या हाती एक गोष्ट होती: खाणींवर कर बसवण्याचा अधिकार. जमिनीखालचे लोखंड एक दिवस संपणार आहे, तेव्हा ते आहे तोवर त्यातून गावासाठी काही टिकाऊ उभे करावे, हा विचार त्यांनी केला. त्या करातून अशा शाळा बांधल्या गेल्या की श्रीमंत शहरांनी हेवा करावा. हिबिंग गावची शाळा त्याची साक्ष म्हणून आजही उभी आहे. एव्हलेथमध्ये १९२२ साली हिप्पोड्रोम नावाचे बंदिस्त क्रीडागार उभे राहिले. खाणकामगाराचा मुलगा आणि खाणीच्या व्यवस्थापकाचा मुलगा त्याच छपराखाली, त्याच बर्फावर शिकला. एव्हलेथच्या त्या ६९ विजयांत मुलांच्या अंगच्या गुणांचा वाटा मोठा आहेच, परंतु सार्वजनिक कराच्या पैशाचाही वाटा आहे आणि तो कोणत्याही करंडकावर कोरलेला नसतो.

१९६९ साल हा या कथेतील वळणबिंदू होय. त्या वर्षी अंतिम सामना वॉरोड आणि इडायना यांच्यात झाला. वॉरोड हे कॅनडाच्या सीमेवरचे, दोन हजारांहूनही कमी वस्तीचे गाव; इडायना हे मिनियापोलिसचे सुखवस्तू उपनगर. वॉरोडचा आधारस्तंभ हेन्री बूशा हा ओजिब्वे या आदिवासी समाजातील मुलगा होता. सामन्याच्या मध्यावर तो जखमी होऊन बाहेर गेला. त्याच्यावाचून खेळणाऱ्या वॉरोडने सामना जादा वेळेपर्यंत खेचला आणि ५-४ असा गमावला. पंचावन्नाहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या सामन्याविषयी बोलताना तेथील म्हातारी माणसे हळवी होतात. परंतु त्या दिवशी घडलेली ऐतिहासिक गोष्ट वेगळीच होती: राज्य अजिंक्यपद प्रथमच एका उपनगराकडे गेले. पुढील काळात उपनगरांचा जोर वाढत गेला आणि इडायनाने सर्वाधिक अजिंक्यपदे मिळवली. उत्तरेकडील गावे अधूनमधून जिंकत राहिली, पण पूर्वीचे राज्य संपले.

याचे कारण बर्फाच्या अर्थव्यवस्थेत आहे. कृत्रिम बर्फाची बंदिस्त क्रीडागारे सर्वत्र झाली. जो बर्फ पूर्वी आकाशातून पडत असे, तो आता तासाच्या भाड्याने विकत मिळू लागला. शीतयंत्राला उत्तर आणि दक्षिण कळत नाही. त्याला वीजबिल कोण भरतो एवढेच कळते. बर्फाबरोबर प्रशिक्षक, उन्हाळी शिबिरे, दूरदूरचे सामने, दर दोन वर्षांनी लहान होणारे महागडे स्केट हे सारे आले. आज एका मुलाला या खेळात वाढवायचे तर कुटुंबाला वर्षाला हजारो डॉलर मोजावे लागतात. निसर्गाने आणि नगरपालिकेने जे फुकट वाटले होते, ते बाजारात गेले. आणि बाजारात गेलेली वस्तू ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्याकडे जाते, हे आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नाही.

या पार्श्वभूमीवर शाळांचे वर्ग पाडण्याची मागणी पुढे आली. लहान शाळांचे अजिंक्यपद वेगळे, मोठ्यांचे वेगळे. हे मला प्रथम कळले तेव्हा मी त्याच्या विरुद्ध होतो. आयुष्यभर आपण वर्ग मोडण्याची भाषा केली आणि येथे वर्ग पाडण्याला न्याय म्हणायचे? दुबळ्यांसाठी दुय्यम दर्जाचे वेगळे ताट मांडायचे आणि त्याला समता म्हणायचे? एव्हलेथने सर्वांना हरवले, ते वेगळे ताट मागून नव्हे, असे मी मुलीपाशी तावातावाने बोललो. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही एव्हलेथ जिंकलेलं सांगता. पण एव्हलेथसारखी जी गावं दरवर्षी पहिल्याच फेरीत चौदा-शून्य हरत होती, त्यांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत का? दोन-तीन हिवाळे असे गेले की आईबाप मुलाला खेळातून काढतात. मग संघच उभा राहत नाही. एका लहानाने मोठ्याला हरवल्याची गोष्ट सगळ्यांना गोड लागते, कारण बाकीच्या पन्नास लहानांची गोष्ट कोणी सांगतच नाही.”

मी निरुत्तर झालो. सांख्यिकीचे जे पहिले सूत्र मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवले, ते मीच विसरलो होतो. यशस्वी अपवादावरून नियम काढू नये. गरिबाघरचा एक मुलगा मोठ्या हुद्द्यावर चढला की “पाहा, संधी सर्वांना आहे” असे म्हणणाऱ्यांना आपण जे उत्तर देतो, तेच उत्तर माझ्या मुलीने मला दिले होते.

खेळाच्या अर्थशास्त्रात या मुद्द्याला एक शास्त्रीय आधारही आहे. वॉल्टर नील या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६४ साली एका निबंधात दाखवले की क्रीडाक्षेत्र हे बाजारापेक्षा मूलतः निराळे आहे. कारखानदाराला प्रतिस्पर्धी नाहीसा झालेला हवा असतो. मल्लाला मात्र तोलामोलाचा प्रतिस्पर्धी हवा असतो. जो लुईस या मुष्टियोद्ध्याचे उदाहरण घेऊन त्याने विचारले की समोर कोणी बलवान उरलाच नाही, तर या माणसाच्या कौशल्याला किंमत कशाची? सामना ही दोन्ही संघांनी मिळून निर्माण केलेली वस्तू आहे. निकाल आधीच ठाऊक असेल तर ती वस्तू निर्माणच होत नाही. पाहणाऱ्याला नाही, जिंकणाऱ्याला नाही आणि हरणाऱ्याला तर नाहीच. आपल्या कुस्तीत वजनी गट असतात. सत्तावन्न किलोच्या पैलवानाला सत्त्याण्णव किलोच्या पैलवानासमोर उभे केले नाही म्हणून त्याचा अपमान झाला असे कोणी मानत नाही. म्हणजे गट पाडणे हा अन्याय नव्हे. गट कशावरून पाडायचे, हा खरा प्रश्न आहे. तराजू कोणता?

मिनेसोटाने प्रथम ताकदीचा तराजू वापरून पाहिला. १९९२ आणि १९९३ ही दोन वर्षे संघांची विभागणी त्यांच्या खेळाच्या बळावरून दोन श्रेणींत केली गेली. दिसायला हे सर्वात नेमके. पण यातील दोष लगेच ध्यानात येतो. पटसंख्या कमी असणे हा कोणाचाही दोष नसतो. दुबळा म्हणून शिक्का बसणे मात्र मुलांच्या मनाला लागते. दुसरे असे की शाळेचा संघ ही दरवर्षी बदलणारी वस्तू आहे. सतरा-अठरा वर्षांचे मूल शाळा सोडून जाते. थोरल्यांच्या पराक्रमाचे ओझे धाकट्यांनी का वाहायचे? आणि तिसरे, बक्षीस दुबळेपणाला मिळू लागले की दुबळे दिसण्यात लाभ निर्माण होतो. उत्पन्नाच्या दाखल्यांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. हा प्रयोग दोन वर्षांत संपला आणि १९९४ पासून पटसंख्येवर आधारलेले दोन वर्ग आले. मोठा ‘एए’ आणि लहान ‘ए’. त्या पहिल्याच वर्षी लहान वर्गाचे अजिंक्यपद कोणी मिळवले असेल? वॉरोडने. १९६९ मध्ये हुकलेला करंडक गावात यायला पंचवीस वर्षे लागली. तो दुय्यम आहे असे त्या गावात जाऊन कोणी म्हणून पाहावे!

पटसंख्येच्या निकषाचा मोठा गुण असा की तो उघड आहे. आकडा सर्वांना दिसतो, तो हंगामापूर्वी ठरतो, त्यात कोणाची मर्जी चालत नाही. लोकशाही व्यवस्थेत हे गुण फार मोलाचे आहेत. पण आकडा उघड असला म्हणजे तो योग्य गोष्ट मोजतोच असे नाही. शाळेत किती मुले आहेत हे पटावरून कळते. त्यांतील किती मुलांच्या पायात वयाच्या पाचव्या वर्षी स्केट आले, हे कळत नाही.

मिनियापोलिस शहराचे उदाहरण घ्या. एकेकाळी या शहरातील निरनिराळ्या सार्वजनिक शाळांचे आपापले हॉकी संघ होते. शहरातील सुस्थित कुटुंबे उपनगरांत गेली. मागे राहिलेल्या आणि नव्याने आलेल्या श्रमिक कुटुंबांना, ज्यांत देशोदेशींचे निर्वासितही आहेत, हा खेळ परवडेना. एकेक संघ बंद पडत गेला आणि अखेर साऱ्या शहराच्या सार्वजनिक शाळा मिळून मुलांचा एकच संघ उरला. १९९४ साली एडिसन शाळा राज्यस्पर्धेत खेळली होती. त्यानंतर शहराच्या सार्वजनिक शाळांमधील संघ राज्यस्पर्धेत दिसायला २०२२ साल उजाडावे लागले. तो हा एकत्रित संघ होता, आणि तोही लहान वर्गात खेळणारा. पट हजारोंचा, पण स्केट मोजक्यांच्या पायांत. दुसरीकडे एव्हलेथ पाहा. खाणींची भरभराट ओसरली, वस्ती घटली. ज्या शाळेने राज्य गाजवले, ती आधी गिल्बर्टशी आणि नंतर व्हर्जिनिया या शेजारच्या गावाशी जोडली जाऊन आता ‘रॉक रिज’ नावाच्या नव्या शाळेत विलीन झाली आहे.

याच्या उलट बाजूला खाजगी शाळांचा प्रश्न उभा राहिला. सेंट थॉमस अकॅडमी ही मुलांची खाजगी शाळा लहान वर्गात खेळून २००६ ते २०१३ या काळात पाच वेळा अजिंक्य झाली. त्यांपैकी शेवटचे तीन अंतिम सामने तिने हर्मनटाउन या डुलुथजवळच्या सार्वजनिक शाळेविरुद्ध जिंकले. पट लहान असला तरी खाजगी शाळेला गावाची वेस नसते. ती दूरवरून विद्यार्थी घेऊ शकते. तेव्हा तिचा लहान पट आणि खेडेगावच्या शाळेचा लहान पट ही एकच गोष्ट कशी? टीका वाढली आणि २०१३ च्या हंगामापासून ही शाळा वरच्या वर्गात गेली. परंतु गंमत अशी की मग तीच टीका हर्मनटाउनवर सुरू झाली. २०१० ते २०१५ अशी सलग सहा वर्षे उपविजेता आणि २०१६ व २०१७ मध्ये विजेता ठरलेला हा संघ लहान वर्गात कशाला, असे इतर लहान शाळा विचारू लागल्या. काल ज्याच्यावर अन्याय होत होता, तो आज दुसऱ्याच्या वाटेतला धोंडा ठरला. न्यायाचा निकष एकदा ठरवून कायमचा विसरता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इतर राज्यांनी निराळे उपाय योजले. इलिनॉयने २००५ साली खाजगी शाळांचा पट १.६५ ने गुणून मोजण्याचा नियम केला. इंडियानाने २०१२ मध्ये असे ठरवले की जी शाळा लागोपाठ यश मिळवील तिला वरच्या वर्गात ढकलावे. मॅसॅच्युसेट्सने १९९१ पासून निवडक बलाढ्य संघांची वेगळीच स्पर्धा भरवली आणि तिच्यावर बहुतेक काळ कॅथलिक खाजगी शाळांचेच वर्चस्व राहिले. २०२० नंतर ती बंद झाली. यांतील प्रत्येक उपायात काही शहाणपण आहे, पण प्रत्येक उपाय एखाद्या बाह्य लक्षणाला हात घालतो. खाजगी शाळेत गरीब मुले असू शकतात, आणि इडायना तर सार्वजनिक शाळाच आहे.

मला सर्वात विचारार्ह वाटलेला उपाय मिनेसोटाचाच आहे, आणि तो खेळाच्या मैदानावरून नव्हे तर शाळेच्या जेवणघरातून आला. वर्गवारीसाठी पट मोजताना तेथील शालेय लीग मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र असलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येचा काही हिस्सा एकूण पटातून वजा करते. या कोरड्या नियमाचा अर्थ ध्यानात घ्या. दोन शाळांचा पट सारखाच असला आणि एकीतील निम्मी मुले गरीब असली, तर त्या दोन शाळा सारख्या नाहीत, हे एका क्रीडासंस्थेने कागदावर, बेरीज-वजाबाकीत मान्य केले. आर. एच. टॉनी यांनी १९३१ साली समतेवरील आपल्या ग्रंथात जो विचार मांडला, तो हाच. कायद्याने दार उघडे असणे म्हणजे संधी नव्हे. दारापर्यंत चालत येण्याचे बळ असणे म्हणजे संधी. डॉ. लोहियांनी समान संधीच्या पलीकडे जाऊन विशेष संधीची मागणी केली, तीही याच जाणिवेतून.

अर्थात हा तराजूही निर्दोष नाही. २०२३ साली मिनेसोटाने एक उत्तम कायदा करून राज्यातील सर्वच शाळकरी मुलांना जेवण मोफत केले. भुकेच्या दृष्टीने ही मोठी प्रगती. पण जेवण सर्वांनाच मिळू लागले की गरिबीचा अर्ज भरण्याचे एक कारण कुटुंबापुढून नाहीसे होते आणि मग त्या अर्जांवर आधारलेली मोजणी ढासळण्याचा धोका निर्माण होतो. एका चांगल्या कामाने दुसऱ्या चांगल्या कामाचे माप बिघडावे असा हा पेच आहे. त्यावर उपाय जेवण काढून घेणे हा खासच नव्हे. नवे माप शोधणे हा आहे.

आणखी एक तरतूद मला फार आवडली. खालच्या वर्गात बसणाऱ्या शाळेला स्वखुशीने वरच्या वर्गात खेळण्याची मुभा आहे. वॉरोडच्या शेजारी रोझो नावाचे तीन हजारांहून कमी वस्तीचे गाव आहे. पटाप्रमाणे त्याची जागा लहान वर्गात. पण ते हट्टाने मोठ्यांत खेळते, आणि १९९९ व २००७ साली मोठ्या वर्गाचे अजिंक्यपद त्याने जिंकूनही दाखवले. शेजारच्या वॉरोडने लहान वर्गात राहून चार अजिंक्यपदे मिळवली. दोन्ही गावे आपापल्या जागी ताठ मानेने उभी आहेत. संरक्षण हा हक्क असावा, सक्ती असू नये. आणि ज्याला आपल्या बळावर विश्वास आहे त्याच्या वाटेवर भिंत असू नये. माझी जुनी भीती, वेगळे ताट म्हणजे कायमची पायरी ही, येथे दूर झाली. ज्या वर्गातून वर जाण्याचा जिना उघडा आहे, तो वर्ग जात बनत नाही.

इथवर मी वर्गवारीच्या बाजूने बोललो. आता तिच्या मर्यादेविषयी बोलतो, कारण येथेच आपण सुधारकांपासून एक पाऊल पुढे जायला हवे. वर्गवारी झुंज बरोबरीची करते. ती बर्फ वाढवत नाही. लहान शाळेला लहान शाळेशी खेळवले, गरीब शाळेला गरीब शाळेशी खेळवले, तर सामने चुरशीचे होतील. पण ज्या मुलाच्या पायात स्केटच नाहीत, तो या दोन्ही वर्गांत नाही. त्याच्यासाठी कोणताही तराजू उपयोगाचा नाही, कारण तो तराजूवर चढलेलाच नाही. न्याय्य वर्गवारीवर समाधान मानून आपण थांबलो, तर विषमतेची नीट व्यवस्था लावल्याचे तेवढे श्रेय आपल्याला मिळेल.

म्हणून मला पुन्हा त्या हिप्पोड्रोमकडे यावेसे वाटते. १९९५ साली मुलींची राज्यस्पर्धा सुरू झाली तेव्हा मोठी अडचण बर्फाचीच होती. होता तो वेळ मुलांनी आधीच व्यापलेला होता. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने क्रीडागारे बांधण्यास व सुधारण्यास अनुदान देणारी योजना आणली. ज्यांना आजवर बर्फ नव्हता त्यांना तो मिळावा, असा तिचा एक हेतू होता. हक्क जाहीर करणे आणि त्या हक्कासाठी छप्पर बांधणे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच मुलींचा खेळ वाढला. वॉरोडमध्ये मुलांना सरावासाठी बर्फाचे भाडे द्यावे लागत नाही. दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावातून ऑलिंपिकचे खेळाडू पिढ्यानपिढ्या का निघतात, याचे उत्तर शोधणाऱ्याने प्रथम त्या फुकट बर्फाकडे पाहावे.

मात्र सार्वजनिक बर्फाचा पैसा कोठून यावा, हाही प्रश्न टाळता येत नाही. मिनेसोटात अनेक ठिकाणी मुलांच्या हॉकीला आधार मिळतो तो मद्यगृहांतून विकल्या जाणाऱ्या जुगाराच्या चिठ्ठ्यांचा. कायद्याने तो ‘धर्मादाय जुगार’ आहे. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी चिठ्ठ्या फाडतो आणि त्या पैशातून बर्फाचे भाडे भरले जाते. पण बर्फावर खेळते ते पुष्कळदा दुसऱ्याच घरचे, अधिक सुखवस्तू घरचे मूल. एव्हलेथने खाणमालकाकडून कर घेतला होता. आज चिठ्ठी फाडणाऱ्या श्रमिकाकडून तो घेतला जातो. दोन्ही ठिकाणी बर्फ सारखाच गार असतो, पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांत मोठे अंतर दिसले पाहिजे.

मित्रहो, कार्यकर्ता म्हणून या साऱ्यातून मी काय घेतले ते सांगून पुरे करतो. स्पर्धा शाळांची असो, शिष्यवृत्त्यांची असो की नोकऱ्यांची, जेथे जेथे माणसांचे गट पाडून न्याय करायचा असतो तेथे चार प्रश्न विचारावेत. निकष आधी जाहीर झाला आहे काय आणि तो ठराविक काळाने पुन्हा तपासला जातो काय? तो खरोखर साधनांची उणीव मोजतो, की सोयीचे एखादे बाह्य लक्षण? वर जाण्याचा जिना उघडा आहे काय? आणि चौथा, ज्याचा विसर सर्वात लवकर पडतो: जे या स्पर्धेत उतरलेच नाहीत, त्यांची मोजणी कोणी केली आहे काय?

परतण्यापूर्वीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी मुलीच्या घराजवळच्या सार्वजनिक उद्यानात गेलो होतो. नगरपालिकेने मैदानावर पाणी सोडून बर्फ केला होता, दिवे लावले होते. तिकीट नव्हते, भाडे नव्हते. काही मुले खेळत होती. कोण कोणत्या शाळेचा, कोणत्या वर्गाचा, ते मला कळत नव्हते आणि त्यांनाही त्याची फिकीर नव्हती. कठड्याशी एक मुलगा साधे बूट घालून उभा होता. खेळणाऱ्यांपैकी एकाने बाहेर येऊन आपले स्केट सोडले आणि त्याच्यापुढे केले. ते त्याला थोडे मोठे होत होते. त्याने नाडी करकचून आवळली आणि कठडा धरत धरत तो आत गेला.

त्या मुलाचा उदारपणा मला आवडला. पण मी घरी परतलो तो असा विचार करीत, की स्केट देणारा भेटला नसता तर? एका मुलाच्या चांगुलपणावर दुसऱ्या मुलाची संधी अवलंबून राहू नये, एवढ्याचसाठी आपले राजकारण आहे.